छतातील दिवा आणि त्यामागची तार : प्रस्तावना

घरातील छतावरचा जुना दिवा उतरवून त्याच्या जागी नवा बसवणे हे गृहस्थाला स्वतःच्या हाताने करता येण्याजोगे काम आहे, आणि तसे ते बहुतेक घरांत केलेही जाते. दोन तारा सोडवायच्या, दोन जोडायच्या, दोन स्क्रू आवळायचे, एवढ्यात ते आटोपते असे वरवर दिसते. परंतु नवा दिवा ज्या तारेला जोडला जातो ती तार पूर्वीच्या कोणा कारागिराने, त्या वेळी मिळालेल्या सामानातून आणि त्या वेळच्या सोयीने ओढलेली असते, व त्याने काय केले याची नोंद बहुतेक घरांत कोठेही नसते. प्रस्तुत पुस्तिकेचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, या कामातील धोका नव्या दिव्यात फारसा नसून छतातून खाली येणाऱ्या त्या अनोळखी तारेत आहे, आणि तिच्याविषयी काहीही गृहीत न धरता प्रत्येक गोष्ट तपासून घेणे हाच या कामाचा मुख्य भाग आहे. जोडणी त्यामानाने सोपी.

हे विवेचन करताना ठाणे पूर्वेचा कोपरी हा भाग मुद्दाम डोळ्यांपुढे ठेवला आहे. रेल्वेमार्ग आणि ठाण्याची खाडी यांच्यामध्ये वसलेल्या या पट्ट्यात जुने गाव, मीठबंदराकडची वस्ती, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत, पुढील काळात उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली सोसायट्या आणि अलीकडचे मनोरे एकमेकांना लागून उभे आहेत, त्यामुळे घरगुती वायरिंगच्या जवळजवळ सर्व पिढ्या येथे चालत फिरून पाहता येतात. त्यात समूह पुनर्विकासाच्या योजनेत कोपरीचाही समावेश असल्याने, इमारत आज ना उद्या पाडायचीच आहे या विचाराने अनेक कुटुंबे वायरिंग नव्याने करून घेण्याचे टाळतात. भिंतींना रंग लागतो, छताला पीओपी होते, दिवे नवे येतात. तारा मात्र जुन्याच राहतात. कल्याण, डोंबिवली येथील जुन्या इमारतींतही हीच स्थिती आहे.

जुन्या घरांत तुळईवर किंवा भिंतीवर सागवानी पट्टी ठोकून तिच्यावर पत्र्याच्या क्लिपांनी तार बसवलेली असे. या पद्धतीलाच बॅटन वायरिंग म्हणतात. त्या तारांवरील विद्युतरोधक आवरण, म्हणजे वीज बाहेर येऊ न देणारे वेष्टन, रबराचे असे. रबर वर्षानुवर्षे सुकत जाते, आणि जेथे साठ किंवा शंभर वॉटचा पिवळा बल्ब रोज संध्याकाळी तापत राहिला तेथे, म्हणजे नेमके होल्डरच्या वरच्या टोकाशी, ते सर्वांत आधी कडक होते. अशा तारेला न हलवता वर्षे काढता येतात. दिवा बदलताना ती वाकवली की आवरणाचे तुकडे हातात येतात आणि तांबे उघडे पडते. त्यानंतरच्या पिढीत तांब्याच्या टंचाईमुळे ॲल्युमिनियमच्या तारा मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर हवेमुळे वीज न वाहू देणारा पातळ थर बसतो, स्क्रूखाली दबून हा धातू हळूहळू सरकतो व पकड सैल होते, आणि तांब्याशी थेट पीळ देऊन जोडल्यास दमट हवेत दोन्हींच्या संपर्काची जागा झिजत जाते. सैल सांधा तापतो, आणि जुन्या घरांत होल्डरजवळ दिसणारा काळपट डाग बहुधा याचाच असतो. खाडीकाठच्या खारट, ओलसर हवेत ही झीज अधिक वेगाने होते, याचे भान कोपरीसारख्या ठिकाणी ठेवलेच पाहिजे. तिसरी पिढी भिंतीत व स्लॅबमध्ये पुरलेल्या नळ्यांतून तार ओढण्याची. दुकानात आज या तारा जाडीवरून मागितल्या जातात, एकची, दीडची, अडीचची, म्हणजे तितके चौरस मिलिमीटर छेद असलेली तार. जुने कारागीर मात्र अजूनही तीन-बावीस किंवा सात-वीस असे म्हणतात, ज्यात पहिला आकडा तारेतील धाग्यांची संख्या व दुसरा त्यांचा गेज सांगतो. दिव्यासाठी एकची किंवा दीडची तांब्याची तार पुरेशी असते.

हे काम गृहस्थाने करावे की नाही, या प्रश्नाला कायद्याने दिलेले उत्तर स्पष्ट आहे आणि ते फारसे कोणाला माहीत नसते. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील ४५व्या नियमाने ग्राहकाच्या जागेतील वायरिंगचे काम, त्यातील भर, बदल व दुरुस्ती यांसह, परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून आणि सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करून घेणे बंधनकारक केले. परंतु दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणे आणि फिटिंग यांची अशी अदलाबदल, की जिच्यामुळे वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही, तिला या बंधनातून वगळले. त्या नियमांच्या जागी आलेल्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनीही हीच सूट कायम ठेवली. सूट आहे ती जुन्याच पॉइंटवर नवे फिटिंग बसवण्यापुरती. नवा पॉइंट काढणे, तार वाढवून दिवा खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेणे, एका दिव्याच्या तारेवर पंखा चढवणे, ही कामे त्या सुटीत बसत नाहीत व या पुस्तिकेच्या कक्षेतही नाहीत. त्यांसाठी वीजतंत्री किंवा तारतंत्री या व्यवसायांचे शिक्षण घेतलेला आणि परवान्याखाली काम करणारा माणूसच हवा.

दिव्यापर्यंत वीज कशी पोहोचते हे समजल्याशिवाय पुढील कोणतीही सूचना उपयोगाची नाही. महावितरणच्या मीटरमधून घरात येणाऱ्या दोन तारांपैकी एक वीजयुक्त तार, जिला बोलण्यात फेज म्हणतात, आणि दुसरी तटस्थ तार, म्हणजे न्यूट्रल. या दोहोंमधील दाब २३० व्होल्ट मानला जातो. तिसरी भूसंपर्क तार, म्हणजे अर्थिंग, नेहमीच्या वेळी काहीच वाहून नेत नाही. उपकरणाच्या धातूच्या अंगावर चुकून वीज उतरली तर तिला जमिनीकडे सोपी वाट देणे एवढेच तिचे काम असते. योग्य वायरिंगमध्ये फेज आधी बोर्डावरील स्विचमध्ये जाते, स्विचमधून निघालेली तार, जिला कारागीर हाफ वायर म्हणतात, छतातील दिव्यापर्यंत येते, आणि दिव्याच्या दुसऱ्या टोकापासून न्यूट्रल परत जाते. छतावरच्या ज्या गोल, झाकण असलेल्या तुकड्यात या तारा येऊन थांबतात त्याला सीलिंग रोझ म्हणतात. स्विच फेजमध्ये असेल तरच तो बंद केल्यावर छतातील टोके निर्जीव होतात.

नेमकी हीच अट अनेक घरांत पाळली गेलेली नसते, म्हणून दिवा विझला आणि वीज बंद झाली या दोन गोष्टी एक नव्हेत हे येथे जरा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. पहिली शक्यता अशी की, पूर्वी कधीतरी बोर्ड बदलताना तारांची अदलाबदल झाली आणि स्विच न्यूट्रलमध्ये गेला. अशा वेळी स्विच बंद केला की परिपथ तुटतो, दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज चोवीस तास उभीच राहते. दुसरी शक्यता जुन्या फ्यूजबोर्डाची. चिनी मातीच्या, काढता-घालता येणाऱ्या फ्यूजला सर्वत्र किटकॅट म्हणतात. एके काळी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींत असा फ्यूज घालण्याची पद्धत होती, आणि त्यातील न्यूट्रलचा फ्यूज जळाला किंवा काढून ठेवला तरी घर अंधारात जाते, मात्र तारा जिवंतच असतात.

तिसरी शक्यता सर्वांत फसवी आहे. बाहेरच्या खोलीतील दिवा आणि आतल्या खोलीतील पंखा यांना स्वतंत्र एमसीबी असूनही, तार वाचवण्यासाठी दोघांचा न्यूट्रल एकच ठेवलेला असू शकतो. बाहेरच्या खोलीची एमसीबी, म्हणजे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह गेल्यास आपोआप पडणारा स्विच, खाली केली तर दिव्याची फेज खरोखरच जाते. छतातील न्यूट्रलला टेस्टर लावला तर तोही उजळत नाही, कारण ती तार त्या क्षणी मूळ न्यूट्रलशी जोडलेली असते. पण आतला पंखा चालू असेल, तर त्याचा परतीचा प्रवाह याच सीलिंग रोझमधून जात असतो, आणि न्यूट्रलचा सांधा सोडवल्याबरोबर पंख्याकडचे सुटे टोक पंख्याच्या गुंडाळीमार्फत थेट फेजशी जोडलेले राहते. तपासताना निर्जीव असलेली तार हातात घेतल्यावर जिवंत होते ती अशी. यावर एकच खात्रीचा उपाय आहे: एका खोलीच्या एमसीबीवर न थांबता संपूर्ण घराचा मेन स्विच बंद करणे, आणि तो फेज व न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी तोडणारा डबल पोल आहे याची खात्री करून घेणे.

मेन बंद करूनही चौथी शक्यता उरतेच. २००५ नंतरच्या काही वर्षांत महावितरणच्या क्षेत्रात भारनियमन तीव्र होते. मुंबई शहरात वीज असताना खाडीअलीकडच्या ठाणे-कल्याण पट्ट्यात ती जात असे, आणि त्या काळात येथील असंख्य घरांत बॅटरीवर चालणारे इन्व्हर्टर आले. इन्व्हर्टरला जोडलेले पॉइंट सहसा प्रत्येक खोलीतील एक दिवा आणि एक पंखा हेच असतात. मेन बंद करणे म्हणजे इन्व्हर्टरच्या दृष्टीने लाइट जाणेच होय; तो क्षणभरात स्वतःकडची वीज त्याच तारेत सोडतो, आणि तीही तितकीच घातक असते. तेव्हा इन्व्हर्टरचा प्लग उपसून भागत नाही, त्याच्या पुढच्या बाजूचा स्विचही बंद करून त्याचा पुरवठा थांबला आहे हे पाहावे लागते. इन्व्हर्टर कपाटामागे किंवा पोटमाळ्यावर असल्याने त्याचा विसर पडणे अगदी स्वाभाविक आहे, म्हणूनच तपासणीच्या क्रमात त्याला मेन स्विचच्या बरोबरीचे स्थान दिले आहे.

मानवी शरीरावर विजेचा परिणाम दाबापेक्षा त्यातून वाहणाऱ्या प्रवाहावर आणि तो किती वेळ वाहिला यावर ठरतो. अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे मिलिअँपिअर. साधारण एक मिलिअँपिअरला मुंग्या जाणवतात, दहाच्या आसपास स्नायू आखडून पकडलेली तार सोडता येईनाशी होते, आणि तीसच्या पुढे, प्रवाह टिकून राहिला तर, हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. आता दिव्यांच्या परिपथावर बसवलेली नेहमीची एमसीबी सहा अँपिअरची, म्हणजे सहा हजार मिलिअँपिअरची असते, जी या तीस मिलिअँपिअरच्या दोनशे पट झाली. एमसीबी तारेला जळण्यापासून वाचवते, माणसाला नाही. माणसासाठी आरसीसीबी लागते. फेजने गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलने परत आलेला प्रवाह यांची ती सतत तुलना करते आणि तीस मिलिअँपिअरची तफावत आढळताच सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडते. तिलाही मर्यादा आहे: एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आल्यास गेलेला व आलेला प्रवाह सारखाच भरतो व तिला काहीच कळत नाही. शिवाय छताच्या कामात शॉक सौम्य असला तरी त्याने दचकून शिडीवरून पडणे सौम्य नसते. म्हणून ॲल्युमिनियमची शिडी टाळावी, कोरडा लाकडी घोडा घ्यावा, पलंगावर खुर्ची ठेवून चढू नये, आणि घरात दुसरे जाणते माणूस असताना, दिवसाउजेडी काम करावे. आषाढ-श्रावणात घामेजलेली त्वचा आणि ओली लादी शरीराचा रोध कमी करतात, याचाही विचार मुहूर्त निवडताना व्हावा.

वीज गेली आहे याची परीक्षा घेण्याचे घरोघरी असलेले साधन म्हणजे स्क्रूड्रायव्हरच्या आकाराचा, आत छोटा निऑन दिवा असलेला टेस्टर. तो उजळला तर तारेत वीज आहे हे निश्चित धरावे. तो उजळला नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. त्यातील सूक्ष्म प्रवाह शरीरातून जमिनीकडे जावा लागतो, त्यामुळे कोरड्या लाकडी घोड्यावर रबरी चपला घालून उभ्या असलेल्या माणसाच्या हातात तो मंद दिसू शकतो, भर उजेडात दिसतही नाही, किंवा तो आतून बिघडलेला असू शकतो. याउलट शेजारून जाणाऱ्या जिवंत तारेच्या सान्निध्याने मोकळ्या तारेतही तो किंचित चमकतो. यासाठी तपासणीला तीन पायऱ्या आहेत: मेन बंद करण्यापूर्वी टेस्टर चालू प्लगवर लावून तो चांगला आहे हे पाहणे, मेन व इन्व्हर्टर बंद केल्यावर छतातील प्रत्येक तार तपासणे, आणि त्यानंतर शेजाऱ्यांकडील चालू प्लगवर तोच टेस्टर पुन्हा लावून मधल्या वेळात तो बिघडला नाही ना हे पडताळणे. तिसरी पायरी कंटाळवाणी वाटते व ती गाळली जाते. ती गाळू नये. मल्टिमीटर असल्यास फेज-न्यूट्रल, फेज-अर्थिंग आणि न्यूट्रल-अर्थिंग अशा तिन्ही जोड्यांतील दाब मोजावा, कारण दोन टोकांमधील मोजमाप शरीरावर अवलंबून राहत नाही.

तारांच्या रंगांविषयीही असाच सावधपणा हवा. भारतातील रूढ पद्धतीत फेजसाठी लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रलसाठी काळा आणि अर्थिंगसाठी हिरवा अथवा हिरवा-पिवळा रंग असतो. दुकानातून आणलेल्या नव्या फिटिंगला मात्र बहुधा आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या तारा असतात, ज्यांत तपकिरी म्हणजे फेज व निळा म्हणजे न्यूट्रल. म्हणजे निळी तार छतातून आली असेल तर ती फेज असू शकते, आणि तीच फिटिंगमधून आली असेल तर ती न्यूट्रल. रंगाला रंग जोडणारा येथे हमखास चुकतो. त्यातच जुन्या घरांत जे रीळ हाताशी होते तेच सर्वत्र ओढलेले आढळते आणि छतातून दोन्ही तारा लाल येतात. रंग सुचवतो तेवढेच ऐकावे आणि निर्णय मोजमापावर सोपवावा. सोडवण्यापूर्वी प्रत्येक तारेवर कागदी चिकटपट्टीने खूण करून मोबाइलवर छायाचित्र घेतले तर पुढचा अर्धा गोंधळ टळतो.

जुन्या छतांत अर्थिंगची तार बहुधा नसते, कारण लाकडी ठोकळ्यावरच्या बॅकेलाइटच्या होल्डरला तिची गरजच नव्हती. पितळी किंवा लोखंडी अंगाचे फिटिंग आणले की गरज निर्माण होते. ज्या फिटिंगवर चौकोनात चौकोन अशी खूण असते त्याला दुहेरी विद्युतरोधन असून अर्थिंग लागत नाही. छतात दोनच तारा असतील तर असेच फिटिंग निवडणे हा सरळ मार्ग आहे. धातूच्या फिटिंगचे अर्थिंगचे टोक न्यूट्रलला जोडून वेळ मारून नेण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. तिच्यात न्यूट्रल कोठेही तुटला की दिव्याचे अख्खे अंग जिवंत होते. ती सर्वस्वी त्याज्य आहे.

दिव्याचे वजन तारेवर कधीही टाकू नये. हलका पॅनेल भोकात रॉल प्लग, म्हणजे स्क्रूला पकड देणारी प्लास्टिकची नळी, बसवून टांगता येतो. झुंबराला स्लॅबच्या सळईत अडकवलेला हुक लागतो, आणि पीओपीच्या खोट्या छताला तर पुठ्ठ्याइतकाही भार सोपवू नये, आधार त्यामागच्या स्लॅबमध्येच घ्यावा. ड्रिल करताना पॉइंटकडे येणारी पुरलेली नळी कोणत्या दिशेने आली आहे याचा अंदाज घेऊन ती रेषा टाळावी. गच्चीखालच्या मजल्यावर आणखी एक तपासणी आवश्यक असते: स्लॅबमध्ये मुरलेले पावसाचे पाणी नळीतून वाट काढत नेमके दिव्याच्या पॉइंटवर ठिबकते, आणि रोझ उघडल्यावर आत हिरवट गंज किंवा ओल दिसली तर दिवा बदलण्याने काहीच साधत नाही. गळती थांबेपर्यंत तो पॉइंट बंद ठेवावा.

जोडणीपुरते सांगायचे तर, तारेचे आवरण कनेक्टरच्या खोलीइतकेच, साधारण आठ ते दहा मिलिमीटर सोलावे, तांब्याचे धागे तुटू देऊ नयेत, बारीक तार दुमडून स्क्रूखाली द्यावी, आवळल्यावर प्रत्येक तार ओढून पाहावी, आणि कनेक्टरबाहेर तांबे दिसत नाही याची खात्री करावी. नुसता पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेला सांधा उष्णतेने व दमटपणाने चिकटपणा गमावतो. दोन-चार पावसाळ्यांत टेप सुटून लोंबू लागते. ट्यूबलाइट काढून एलईडी पट्टी बसवताना जुना चोक व स्टार्टर पूर्णपणे काढून टाकावेत. वीस वॉटची पट्टी अँपिअरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी प्रवाह घेते, त्यामुळे जुन्या तारेवरचा भार घटतो हे खरे, पण त्या तारेचे तडकलेले आवरण त्याने सांधत नाही.

झाकण बसवण्यापूर्वी एक परीक्षा बाकी राहते. खाली उतरून मेन सुरू करावा, स्विच चालू करून टेस्टर फिटिंगच्या धातूच्या अंगाला लावावा, आणि मग स्विच बंद करून कनेक्टरच्या दोन्ही टोकांना लावावा. अंगावर टेस्टर उजळला तर फिटिंग तत्काळ बंद करावे. स्विच बंद असताना कनेक्टरमध्ये तो लख्ख उजळला तर स्विच न्यूट्रलमध्ये आहे असे समजून वीजतंत्र्याकडून बोर्डातील तारा बदलून घ्याव्यात. रात्री बंद केलेला एलईडी दिवा मंद तेवत राहणे हेही पुष्कळदा याचेच लक्षण असते, जरी इंडिकेटर असलेल्या स्विचमुळे किंवा शेजारच्या तारेच्या सान्निध्यानेही तसे घडते. सर्व काही योग्य आढळले तर मेन व इन्व्हर्टर पुन्हा बंद करून, पुन्हा तपासून, झाकण लावावे, आणि ते लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला कोणती तार फेज, कोणती न्यूट्रल, ती तांब्याची की ॲल्युमिनियमची, कोणत्या एमसीबीने बंद होते आणि इन्व्हर्टरवर आहे की नाही, एवढे तारखेसह न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवावे.